मदत हवी आहे : स्की बूट विमानात कसे न्यायचे? (नागपूर–दिल्ली–श्रीनगर)

नमस्कार मंडळी,

मुलगी जानेवारीच्या शेवटी गुलमर्गला चालली आहे स्कीइंगच्या कोर्सला. नागपूर ते दिल्ली आणि पुढे श्रीनगर असं विमान आहे, आणि यावेळी तिला स्वतःचे स्की बूट न्यायचे आहेत. स्की आणि पोल तिथेच मिळतील, त्याची काळजी नाही, प्रश्न फक्त बुटांचा आणि बाकी गरम कपड्यांचा आहे.

बूट तिच्या आत्याने जर्मनीहून येताना आणले होते, आत्याच्या मुलीचे वापरलेले, पण दिसायला एकदम छान. तेव्हा हिला ढिले व्हायचे म्हणून माळ्यावर ठेवून दिले होते, आता पाय वाढला तर बरोबर येताहेत. मागच्या वर्षी तिथे भाड्याचे बूट घेतले होते ते हिला बसलेच नाहीत, पंजा रुंद आहे तिचा, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून नंतर गळून गेली, शेवटी शेवटी तर पोरगी बोटांना पट्ट्या बांधून बर्फावर उतरत होती पण कोर्स सोडला नाही. म्हणून माझा जीव त्या बुटांत अडकला आहे, बाकी काही राहिलं तरी चालेल पण बूट तिच्यासोबत पोचले पाहिजेत.

तिकिटावर 15 किलो चेक-इन आणि 7 किलो हँडबॅग आहे. बुटांची जोडी घरच्या काट्यावर चार किलोच्या वर भरते. चेक-इनमध्ये टाकले तर कपड्यांना जागा उरत नाही आणि बॅग हरवली तर काय ही धास्ती, हँडबॅगमध्ये घेतले तर सिक्युरिटीवाले अडवतील का? ह्यांचं म्हणणं आहे की सरळ पायात घालूनच विमानात बसू दे. बर्डीवर दोन-तीन स्पोर्ट्सच्या दुकानांत विचारून आले, ते ट्रेकिंगचे बूट दाखवतात, स्की बुटांची बॅग वगैरे कोणाकडेच नाही. कोणी नेले असतील तर प्लीज सांगा, कशात भरले, कसे भरले, सगळं सांगा.

---

प्रतिसाद

ताई, बूट हँडबॅगमध्येच घ्या, डोळे मिटून. मी नागपूरचाच, खामल्याला राहतो, आम्ही मित्र मित्र जात असतो गुलमर्गला आणि माझे बूट मी कधीच पोटात टाकत नाही विमानाच्या. कारण सांगतो, जानेवारीत दिल्लीला धुकं आणि श्रीनगरला बर्फ, फ्लाइट लेट होते, रद्द होते, कनेक्शन चुकतं, आणि अशा गडबडीत माणूस एका विमानानं अन् बॅग दुसऱ्या दिवशीच्या विमानानं असं होऊन राहिलं बरेचदा. जॅकेट उशिरा आलं तर कोणाचं तरी घालता येते, हातमोजे गुलमर्गच्या पायथ्याला टंगमर्ग गाव आहे तिथे विकत भेटतात, पण पायाला बसलेला बूट कुठून आणाल?

साइजचं म्हणाल तर हँडबॅगचं माप साधारण 55 बाय 35 बाय 25 सेंटिमीटर असते. बूट एकाला एक उलटे लावा, म्हणजे एकाची टाच तिकडे अन् दुसऱ्याची इकडे, आडवे झोपवा, मुलीच्या साइजचे आरामात बसतात आणि बाजूला जागा पण उरते. बुटाच्या आतली जागा वाया घालवू नका, एकात गॉगल मऊ कापडात गुंडाळून, दुसऱ्यात हातमोजे आणि पायमोजे. त्या कोर्समध्ये घालायची एक थर्मलची जोडी पण याच बॅगेत ठेवा, म्हणजे मोठी बॅग उशिरा आली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी मैदानात उभी राहू शकते.

सिक्युरिटीत एक्स-रेमध्ये बकल दिसतात म्हणून बॅग बाजूला घेतात कधीकधी, उघडून दाखवायचं, स्की बूट आहे म्हणून सांगायचं, बस. पोल मात्र हँडबॅगमध्ये चालत नाहीत, ते मनाई असलेल्या यादीतच आहेत, तुमची मुलगी नेत नाही ते चांगलंच. आणि हँडबॅग एकच चालते, सोबत लेडीज पर्स किंवा लॅपटॉपची बॅग, त्यामुळे बूट वेगळ्या पिशवीत हातात लटकवून न्यायचा विचार असेल तर काउंटरवर वाद होईल.

भाऊजींना सांगा पायात घालून नका पाठवू. कडक प्लास्टिकचा तळ असतो, विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर पाय सटकतो आणि सिक्युरिटीत काढायला लावतीलच.

---

प्रतिसाद

वरच्या दादांशी सहमत, पण ताई, तुम्ही लिहिलंय बूट माळ्यावर होते, ते वाचून थांबले. पॅकिंगच्या आधी बूट शाबूत आहेत का ते बघा, हे फार महत्त्वाचं आहे.

बऱ्याच स्की बुटांचं बाहेरचं कवच पॉलियुरेथेनचं असतं. हे प्लास्टिक उष्णता आणि ओलसर हवा या दोन्हींनी आतून कमजोर होत जातं, हवेतलं पाणी त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतं, याला हायड्रोलिसिस म्हणतात. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि थंडीत वाकवला की तडकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि लगेच जुलै-ऑगस्टची दमट हवा, आणि माळा म्हणजे घरातली सगळ्यात तापणारी जागा. युरोपातल्या कोरड्या थंड तळघरात ठेवलेल्या बुटाचं आयुष्य आणि आपल्या माळ्यावरच्या बुटाचं आयुष्य एक धरू नका.

असं करा. आतला मऊ लायनर ओढून बाहेर काढा. कवचाच्या आत किंवा तळाला एक छोटं घड्याळासारखं वर्तुळ शोधा, कडेला 1 ते 12 आकडे, मध्ये बाण आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना वर्षाचे आकडे, तो साचा कधी ओतला त्याचा महिना आणि वर्ष असतं ते, सगळ्याच बुटांवर असेलच असं नाही पण बऱ्याच ठिकाणी असतं. मग बॅटरीच्या उजेडात घोट्याजवळचे रिव्हेट (कवचाचे भाग जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या), पुढची बोटांची बाजू आणि टाच नीट बघा, पांढुरक्या बारीक रेषा, केसाएवढ्या भेगा, चिकटपणा किंवा भुगा पडणं यातलं काही दिसलं तर ते बूट पाठवू नका. उतारावर वेगात असताना कवच फुटलं तर पाय बाइंडिंगमधून, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीतून, भलत्याच वेळी सुटतो.

आणि लायनर बाहेर आहे तोवरच माप पण बघून घ्या. नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघायचं, एक ते दोन सेंटिमीटर हवी. जास्त असेल तर पाय आत पुढेमागे होतो आणि नखं काळी होतात, घट्ट बुटानेच होतात असं नाही. मोजा एकच, पातळ आणि लांब, दोन जोड्या अजिबात नकोत. घरून निघायच्या आधी पायाची नखं कापून टाकायची.

---

धागाकर्ती

बापरे, हे तर मला कोणी सांगितलंच नव्हतं! खूप खूप धन्यवाद ताई. काल रात्रीच आम्ही तिघांनी बसून लायनर काढले, चांगलाच जोर लागला. तुम्ही म्हणता तसं वर्तुळ सापडलं, आत बोटांकडच्या बाजूला, 2018 साल आहे. मोबाइलची टॉर्च लावून इंच न् इंच बघितला, भेग कुठेच नाही, रिव्हेटजवळ सुद्धा नाही. टाचेमागे ह्यांची दोन बोटं जेमतेम गेली. मग हिने लायनर घालून, बकल लावून हॉलमध्ये चांगला अर्धा तास उभं राहून गुडघे पुढे वाकवून बघितले, काही आवाज नाही, दुखलं पण नाही. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

बुटाच्या बाजूला टाचेपाशी 295 मिमी असं कोरलेलं आहे आणि आत 25.5. दोन आकडे का? आणि तळव्यावर जीडब्ल्यू असं काहीतरी आहे, त्याचं काही असतं का?

---

प्रतिसाद

असतं, आणि बरं झालं विचारलंत. 25.5 म्हणजे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये, स्की बुटांचा नंबर असाच असतो. 295 मिमी ही बुटाच्या बाहेरच्या तळाची लांबी, स्कीवरचं बाइंडिंग या आकड्याला जुळवतात. तिला तो आकडा पाठ करून जाऊ दे किंवा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू दे, सोबत वजन आणि उंची पण. पडल्यावर बूट स्कीतून सुटला पाहिजे, त्याचं सेटिंग वजन, उंची, वय, तळाची लांबी आणि स्की करणारा किती तयारीचा आहे यावरून ठरतं. दुसऱ्या कोणाच्या सेटिंगवर स्की चढवून उतरायचं नाही.

जीडब्ल्यू म्हणजे ग्रिपवॉक. हा तळ रबरी, जरा गोलाकार असतो, चालायला सोपा, पण जुन्या साध्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये हा नीट बसत नाही आणि सुटायच्या वेळी अडकू शकतो. भाड्याच्या स्की बऱ्याचदा जुन्या असतात. म्हणून आत्ताच, निघायच्या आधी, कोर्सवाल्यांना फोन करून विचारा की ग्रिपवॉकला चालणारी बाइंडिंग आहेत का, बाइंडिंगवर पण जीडब्ल्यूची खूण असते. नसतील तर पर्याय असा की काही बुटांचे तळ स्क्रूने बदलता येतात, आत्याकडे त्या बुटाचे जुने सपाट तळ डब्यात पडलेले आहेत का विचारून बघा, बूट घेताना कधीकधी सोबत येतात.

मोठ्या बॅगेबद्दल थोडं. मी स्वतःच्या स्की पण नेतो. बॅग, स्की आणि पोल मिळून दहाच्या घरात जातात आणि 15 किलोत कपड्यांचे हाल होतात, त्यामुळे जास्तीचं वजन आधीच ऑनलाइन विकत घेतो, काउंटरवर महाग पडतं. तुम्हाला तशी गरज दिसत नाही. हेल्मेट मोठ्या बॅगेत टाकायचं तर त्याच्या आत टोपी, मफलर, मोजे कोंबून ते मधोमध ठेवा. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या हँडबॅगमध्येच. नागपूरहून निघताना थर्मल घालून बसवू नका तिला, दिल्लीपर्यंत घामाघूम होईल, पण जाड जॅकेट हातावर घेऊ दे, तेवढं वजन बॅगेतून कमी.

तिकीट एकाच पीएनआरवर आहे ना? वेगवेगळं असेल तर दिल्लीत बेल्टवरून बॅग उचलून पुन्हा चेक-इन करावी लागते, त्यात टर्मिनल बदललं तर वेळ हाताशी ठेवा.

---

धागाकर्ती

हो, एकच पीएनआर आहे. कोर्सवाल्यांना फोन लावला, ते म्हणाले नव्या सेटमध्ये ग्रिपवॉक चालतं, मुलीचं नाव आणि 295 लिहून घेतलं त्यांनी. तरी आत्याला तळांचं विचारलं आहे, शोधून सांगते म्हणाली.

बॅगेचं पण जमलं. इतवारीत एक बॅग शिवणारे काका आहेत, त्यांना बूट नेऊन दाखवले, त्यांनी 52 बाय 34 बाय 24 ची बॅग शिवून द्यायचं कबूल केलं, खाली जाड रेक्झिन आणि मध्ये पडदा म्हणजे बूट एकमेकांवर घासणार नाहीत. पाठीला लावायचे पट्टे पण लावा म्हटलं. दादांनी सांगितलेल्या मापाहून थोडं कमीच ठेवलं, शिवण फुगते म्हणून.

आता एकच, येताना काय? बूट ओले असतील ना. आणि तिला संत्रा बर्फी द्यायची आहे तिथल्या इन्स्ट्रक्टर लोकांसाठी, ती कुठे ठेवू?

---

प्रतिसाद

बर्फी मोठ्या बॅगेत, घट्ट झाकणाच्या डब्यात, हेल्मेटच्या शेजारी ठेवा. तिकडचे लोक खूश होतात, मी पण नेतो.

येताना मुख्य म्हणजे लायनर. रोज संध्याकाळी बाहेर काढून उलगडून सुकवायचे, आत ओल राहिली तर सकाळी पाय गारठतो आणि परतीला वजन पण वाढतं. हॉटेलात बुखारी असते, लाकडाची शेगडी, तिच्या अगदी जवळ बूट ठेवायचा मोह होतो, ठेवायचा नाही, लायनरचा फोम आकसतो आणि कवचाचा आकार जातो. त्याच खोलीत लांब भिंतीशी उभे ठेवले की पुरे. रात्री बाहेर व्हरांड्यात किंवा गाडीत पण नको, थंडीनं कवच असं कडक होते की सकाळी पाय आत जातच नाही, दोघांना धरून ढकलावं लागते. शेवटच्या दिवशी लायनर परत घालून बकल हलके लावायचे, घट्ट नाही, आकार टिकला पाहिजे एवढंच.

श्रीनगर विमानतळावर वेळ जास्त ठेवा. बाहेरच्या गेटवरच गाडीतून सगळं सामान उतरवून एक्स-रेतून काढतात, आत परत तपासणी आहेच, आणि 26 जानेवारीच्या आसपास तर आणखी कडक. बूट आतून रिकामे ठेवून न्या परतीला, आत कोंबलेलं काढून दाखवण्यात वेळ जातो. गुलमर्गहून 50 किलोमीटरच आहे पण टंगमर्गपर्यंत बर्फात चेन लावलेली गाडी लागते, दुपारचं विमान असलं तर सकाळी लवकर निघू द्या.

आणि घरी आल्यावर माळ्यावर परत नको, ताई. पलंगाखाली, कापडी पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून अजिबात नाही.

---

धागाकर्ती

पलंगाखालची जागा आजच रिकामी केली. आत्याचा मेसेज आला, सपाट तळ सापडले आहेत, स्क्रूसकट, पण पोस्टाने येईपर्यंत ही निघालेली असेल, पुढच्या वर्षी कामाला येतील. बॅग शनिवारी मिळणार आहे, भरून वजन केलं की लिहिते इथेच.