शब्दचर्चा: 'मूर्तिपूजा' हा शब्द इथे बसतो का?

पाटीवरचा:
सध्या बायबलातले होशेय आणि यिर्मया या संदेष्ट्यांचे ग्रंथ मराठीतून वाचतोय आणि एका शब्दापाशी अडलोय. जिथे तिथे 'मूर्तिपूजा'. आमच्या घरी देव्हारा आहे, भाद्रपदात गणपती बसतो. माझ्या कानाला हा शब्द शिवीसारखा लागतच नाही. संदेष्टे मात्र तो शब्द आला की पेटून उठतात. मूळ हिब्रूत काय आहे? आणि मराठीत दुसरं काही चालेल का?

जुनी वही:
गंमत अशी की मुळात तिथे एक शब्द नाहीच. 'पेसेल' म्हणजे कोरीव, 'मस्सेखा' म्हणजे ओतीव. ही झाली कारागिराची भाषा. खरा राग पुढच्या शब्दांत आहे. 'एलिलीम' कानाला 'एल', 'एलोहीम' (देव) यांच्या जवळचा, पण अर्थ कवडीमोल. आपण कवीचा 'कवडा' करतो, त्या जातीची कोटी. यहेज्केल या संदेष्ट्याचा लाडका शब्द 'गिल्लुलीम'. एकट्या त्याच्या ग्रंथात तो चाळीसेक वेळा येतो आणि त्यात विष्ठेचा वास आहे. मराठीत 'शेणाचे गोळे' म्हणावं तर आपण शेणाने अंगण सारवतो, शिवी वायाच जाणार!

यिर्मया २:५ मध्ये 'हेवेल' आहे, म्हणजे वाफ, फुंकर. पूर्वज वाफेमागे, म्हणजे खोट्या देवांमागे गेले आणि स्वतःच वाफ झाले. नामाचंच क्रियापद केलंय त्याने. (काइनाचा भाऊ हाबेल, त्याचं नावही हेच.) १०:५ मध्ये तर अनुवादकाला काही करावंच लागत नाही: मूर्ती म्हणजे काकडीच्या मळ्यातलं बुजगावणं. बोलत नाही, चालत नाही, उचलून न्यावं लागतं.

पण यहुदी परंपरेत पुढे रूढ झालेला शब्द 'अवोदा झारा'. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात या नावाचं अख्खं प्रकरण आहे. अवोदा म्हणजे चाकरी, सेवा. झारा म्हणजे परकी. परकी चाकरी. त्यात मूर्ती कुठेच नाही.

अश्दोदची सून:
अवोदा म्हणजे आज इथे इस्राएलात साधी नोकरी. सकाळी सगळे अवोदालाच जातात 🙂

मला 'बआल'बद्दल सांगायचंय, संदेष्टे ज्याच्या पूजेवर तुटून पडतात तो देव. मराठी वाचकाला ते एका राक्षसाचं नाव वाटतं. हिब्रूत बआल म्हणजे धनी, मालक आणि नवरा. घरमालक 'बआल बाइत', आणि आजही बाई आपल्या नवऱ्याला 'बअली' म्हणते. आमच्या सासूबाई रेवदंड्याच्या. त्या मराठीत 'आमचे मालक' म्हणायच्या, इथे येऊन 'बअली' म्हणू लागल्या. शब्द बदलला, मालक तोच!

आता होशेय २:१६ वाचा (हिब्रू प्रतीत २:१८). देव म्हणतो, त्या दिवशी तू मला 'ईशी' म्हणशील, यापुढे 'बअली' म्हणणार नाहीस. ईश म्हणजे पुरुष, माणूस. म्हणजे 'माझा धनी' नको, 'माझा माणूस' म्हण. गावाकडच्या बायका म्हणतात ना, अगदी तसं. आता इथल्या कितीतरी बायका 'बअली' टाळून मुद्दाम 'ईशी' म्हणतात.

जुनी वही:
ताई, झकास. त्यात भर. एके काळी बआल हे इस्राएलाच्या देवाचंही विशेषण होतं. १ इतिहास १२:५ मध्ये 'बाल्या' नावाचा माणूस आहे, नावाचा अर्थ 'याव्हे (इस्राएलाच्या देवाचं नाव) हाच बआल'. शौल राजाच्या एका मुलाचं नाव 'इतिहास' या ग्रंथात एश्बाल, 'शमुवेल' या ग्रंथात मात्र ईश्बोशेथ. बोशेथ म्हणजे लाज. कुणीतरी देवाचं नाव काढून तिथे 'लाज' बसवली.

होशेय इ. स. पू. ८ व्या शतकातला, उत्तरेकडच्या राज्यातला. बआल पावसाचा देव, आणि शेती पावसावर. धान्य, द्राक्षारस, तेल कुणी दिलं, यावरच दुसऱ्या अध्यायातलं भांडण आहे. बायको (इस्राएल) म्हणते यारांनी दिलं, नवरा (देव) म्हणतो मी दिलं. मूर्तीचा आकार हा तिथे मुद्दाच नाही. म्हणून होशेयाचा शब्द 'व्यभिचार'. हे मराठीला नवीन नाही. गीतेत १३ व्या अध्यायात 'भक्तिरव्यभिचारिणी' आहेच.

तिरकस:
सगळं खरं, पण ओढूनताणून सोवळं करू नका. यशया ४४ मध्ये मूर्तीचीच टर आहे. सुतार अर्ध्या लाकडावर भाकर भाजतो, मांस भाजतो, शेकत 'अहाहा' म्हणतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून पाया पडतो. आणि ही टीका न्याय्यही नाही. बाबिलोनी लोकांना लाकूड आणि देव यातला फरक कळत होता. मूर्तीचं 'मुखप्रक्षालन' करायचे, कारागीर शपथ घ्यायचे की ही आम्ही घडवली नाही, विधीत त्यांचे हात लाकडी तलवारीने तोडल्याचं नाटकही व्हायचं. प्राणप्रतिष्ठा ठाऊक असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

जुनी वही:
मान्य. म्हणूनच यशया सुताराचे हात इतके रंगवून दाखवतो. शपथेवर जे नाकारलं, तेच तो दाखवतोय.

वसईचा:
उलट बाजूचा शब्दही बघा: 'एमुना'. संदेष्टा हबक्कूक २:४, नीतिमान आपल्या एमुनेने जगेल. मराठीत 'विश्वास' करतात, पण धातूचा अर्थ घट्ट असणं, टिकून असणं. 'आमेन' याच धातूतला. अरबीतला भाऊ 'ईमान', म्हणजे आपलं इमान. आणि 'अमानत', जिची मराठीत 'अनामत' झाली! यशया ७:९ मध्ये एकाच धातूची दोन रूपं: घट्ट धरलं नाहीत तर घट्ट राहणार नाहीत. शत्रू चालून आलाय, आहाज राजा गर्भगळीत आणि संदेष्टा कोटी करतोय.

मला तर 'मूर्तिपूजे'ला 'बेइमानी' हाच प्रतिशब्द वाटतो. आजही लागू पडतो. हबक्कूक १:१६ मध्ये खास्दी (बाबिलोनी) माणूस आपल्या जाळ्यालाच धूप दाखवतो, कारण त्याच जाळ्याने ताटात मासळी येते. आम्ही कोळीवाड्याशेजारी वाढलो, होडीची पूजा पाहिलेली आहे, तिला मी हे लावणार नाही. इथे जाळं म्हणजे फौज, आणि मासे म्हणजे माणसं.

अश्दोदची सून:
यशया ३१:१ मध्ये रथांवर 'भरवसा' ठेवणाऱ्यांना झापलंय. त्याच धातूचा 'बिताखोन'. देवळात त्याचा अर्थ देवावरचा भरवसा. बाहेर संरक्षण मंत्रालयाच्या नावात तोच शब्द, आणि विमा म्हणजे 'बितुआख', तोही त्याच धातूचा.

पाटीवरचा:
सगळ्यांचे आभार. जिथे पेसेल आहे तिथे 'कोरीव मूर्ती' ठेवतो, होशेयापुरतं 'बेइमानी' लिहून पाहतो, जरा बाजारी वाटतंय तरी. एक अडचण उरलीच. होशेय ६:६, 'मला यज्ञ नको, हेसेद हवं.' सगळीकडे 'दया' वाचतोय. दया वरून खाली होते, माणूस देवावर कुठून दया करणार?

वसईचा:
इथली 'दया' बायबलाच्या ग्रीक अनुवादातून आली. तिथे हेसेदचं 'एलेओस' केलं, तेच नव्या करारात, मत्तय ९:१३ मध्ये गेलं. नात्याला जागणं म्हणजे हेसेद. 'जागणं'चं नाम मराठीत कुणाला सुचतंय का?