पाक चोयचं नुसतं पाणी झालं, एक पेंडी अजून शिल्लक आहे, कशी करू?

शहापूरची_सून
नमस्कार मंडळी. काल बेळगावच्या गणपत गल्लीत मेथी, शेपू घेऊन निघतच होते तर एका मावशींकडं पाक चोय दिसलं, जाड पांढरे देठ आणि वर गोल हिरवी पानं. मुलगा पुण्यात कुठंतरी खाऊन आलाय आणि तेव्हापासून आई ते करकरीत लागतं ते कर म्हणून मागं लागलाय, म्हणून दोन पेंड्या घेतल्या. घरी येऊन पालकासारखी बारीक चिरली, लसणीची फोडणी, मीठ, झाकण, दहा मिनिटं. झाकण काढते तर कढईत हे एवढं पाणी, पानं काळपट आणि देठ लिबलिबीत. सासूबाईंनी ताटाच्या कडंला सारून ठेवली, काही बोलल्या नाहीत पण मला फार वाईट वाटलं ओ. दुसरी पेंडी फ्रीजमध्ये आहे, टाकून द्यायला जीव होत नाही. भाकरीबरोबर खाता येईल अशी सांगा. आणि सासऱ्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, त्यांनी खाल्ली तर चालते का?

टिळकवाडी_स्वयंपाकघर
ताई, तुमचं चुकलं ते झाकण आणि आधी घातलेलं मीठ, बाकी काही नाही. ह्या भाजीत शंभरात पंच्याण्णव भाग पाणीच असतंय, मीठ लागलं की ते सुटतं, झाकणाखाली वाफ कोंडते आणि भाजी स्वतःच्याच पाण्यात उकडते. ही एक भाजी नाही, दोन भाज्या आहेत असं धरा, देठ वेगळे आणि पानं वेगळी.

बुडखा कापून एकेक पान सुटं करा, देठाच्या खोबणीत खाली माती बसलेली असते, अख्खी पेंडी धुवून ती निघत नाही. मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून ठेवा आणि पानं वर उचलून घ्या, पाणी ओतू नका, ओतलं तर तळाची माती परत भाजीवरच येते. मग फडक्यावर पसरून कोरडी करा, हे चुकवू नका. देठ बोटाच्या पेराएवढे तिरके कापा, पानं हातानंच फाडा. लोखंडी कढई चांगली तापवून दोन चमचे तेल, जिरं, आठ-दहा पाकळ्या ठेचलेली जवारी लसूण, दोन सुक्या मिरच्या. आधी फक्त देठ, मोठ्या आचेवर दोन मिनिटं, कडा पारदर्शक दिसायला लागल्या की पानं टाका, पानं एक मिनिटात मऊ पडतात, तेवढ्यात मीठ आणि मूठभर शेंगांचा कूट घालून लगेच उतरवा. कढईत ठेवू नका, गरम कढईत ती शिजतच राहते. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर बघा कशी लागते.

मूगडाळ घालून पल्या (कोरडी भाजी) पण छान होतो, डाळ अर्धा तास भिजवायची, वेगळी बोटचेपी शिजवायची आणि देठानंतर घालायची.

कडोली_शिवार
मी गेल्या साली दोन गुंठे लावलो होतो, गोव्याला भाजीची गाडी जाते त्यात हॉटेलवाल्यांची मागणी होती म्हणून. ट्रेमध्ये रोप करून तीन आठवड्यांनी लावायचं, पुढं महिन्याभरात काढायला येतंय. आपल्याकडं थंडीत एक नंबर येतंय, उन्हाळ्यात मात्र लगेच तुरा काढतंय, पिवळी फुलं अगदी मोहरीसारखी, आणि पानाला कडसरपणा येतोय. म्हणून घेताना मधला कोंब बघा, कळी दिसली तर भाजी जून झालीय समजायचं. पण टाकू नका, ते कोवळे तुरे परतून खाल्ले तर देठापेक्षा गोड लागतात, मी घरात तेच ठेवून घेतो. कोबीच्याच खानदानातली असल्यानं अळी आणि मावा येतोयच, तेव्हा पानाच्या मागची बाजू बघून धुवा.

निपाणीकर_अक्का
गोळीचं विचारलात ते फार बरं केलात. आमच्या यजमानांची हृदयाची झडप बदललीय, त्यांना असिनोकुमारॉल चालू आहे, म्हणून हे डॉक्टरांकडून नीट समजून घेतलंय. वॉर्फरिन किंवा ही गोळी असेल तर हिरव्या पालेभाजीतलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं. पाक चोयच नव्हे, आपली मेथी, पालक, राजगिरा, सगळ्यातच ते असतं. भाजी बंद करायची नसते, पण एक आठवडा काहीच नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज वाटीभर असं होऊ द्यायचं नाही, रक्ताचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा, खालीवर होतो. रोजची ठरलेली वाटी तेवढीच ठेवायची. रक्त पातळ करायच्या सगळ्याच गोळ्यांना हे लागू होत नाही, त्यामुळं पाकिटावरचं नाव बघून त्यांच्या डॉक्टरांना आधी फोन करा, मगच वाढा.

खानापूरचा_आहे
मला एक कळत नाही, थंडीत आपल्याकडं हरभऱ्याचा पाला, चाकवत, करडई, अंबाडी एवढं सगळं येतंय, कोवळी मेथी तर कच्चीच भाकरीबरोबर खातो आपण. ते सोडून ही महागडी भाजी कशाला घ्यायची. करडईचा पाला आता बाजारात शोधावा लागतोय ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

टिळकवाडी_स्वयंपाकघर
दादा, करडईबद्दल शंभर टक्के पटलं, माझी आई मूगडाळ घालून करायची, ती चव कशालाच नाही. पण हिला परकी म्हणून बाजूला सारू नका. मला मुतखडा झाल्यापासून डॉक्टरांनी पालक आणि राजगिरा बंद केलाय ऑक्झलेटमुळं. पाक चोयमध्ये ते अगदी कमी. कॅल्शियम दोन्हीत सारखंच, शंभर ग्रॅमला साधारण १०० मिलिग्रॅम, पण पालकातलं ऑक्झलेटला बांधलेलं असल्यानं अंगी जेमतेम पाच टक्के लागतं आणि ह्यातलं निम्म्याच्या आसपास. पालेभाजीशिवाय जेवण जात नाही अशा माणसाला हा केवढा आधार आहे सांगू.

फक्त कच्च्याचा ज्यूस करून पिऊ नका. अमेरिकेत ८८ वर्षांच्या एका बाईनं कित्येक महिने रोज किलो-दीड किलो कच्चं खाल्लं आणि थायरॉइड इतका बंद पडला की जिवावर बेतून दवाखान्यात न्यावं लागलं. शिजवून वाटीभर खायला काही भीती नाही.

शहापूरची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी केली. फडक्यावर पसरून पंख्याखाली ठेवली होती, त्यामुळं देठ कढईत पडल्यावर जोरात चर्र आवाज आला, आधीच्या वेळी तो आलाच नव्हता. पाणी अजिबात सुटलं नाही, पानं हिरवीगार राहिली आणि देठ खरंच करकरीत. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली, वर शेंगा चटणी घेऊन. सासऱ्यांची गोळी असिनोकुमारॉलच निघाली अक्का, त्यामुळं त्यांना आज नेहमीची दोडक्याची भाजीच वाढली, सोमवारी डॉक्टरांकडं जायचंय तेव्हा विचारते. आणि खानापूरच्या दादा, करडईचा पाला तुमच्या बाजूला कोणत्या दिवसाच्या बाजारात मिळतो सांगा, मी येते.