तेराव्या वर्षीची गाणी पुसली का जात नाहीत?

दादरकर :
अलिशा चिनॉयचे ‘मेड इन इंडिया’ १९९५ साली आले, तेव्हा मी १३ वर्षांचा होतो. आमच्या कॅसेटची फीत एका जागी चुरगळली होती आणि तिथे आवाज क्षणभर बुडत असे. आज मोबाइलवर तेच गाणे स्वच्छ ऐकतानाही त्या जागी माझा कान आवाज बुडण्याची वाट पाहतो. २०१८ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये स्पॉटिफायवरील ऐकण्याच्या नोंदींचे एक विश्लेषण प्रसिद्ध झाले होते. प्रौढपणीची आवड घडण्यासाठी पुरुषांच्या बाबतीत १३ ते १६ आणि स्त्रियांच्या बाबतीत ११ ते १४ ही वर्षे सर्वांत महत्त्वाची, असे त्यात आढळले. माझ्या मते हा त्या वयाचाच गुण आहे.

गिरगावची :
वयाचा कसला गुण? आपल्याकडे कॅसेटीच मोजक्या होत्या, म्हणून त्याच पुन्हा पुन्हा वाजत. शिवाय माझ्या मनात घर करून बसलेली गाणी माझ्या काळातली नाहीतच. चाळीच्या स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटताना विविध भारतीवर जे लागे, ते मला पाठ आहे. मानसशास्त्रज्ञ कॅरल क्रुमहान्सल यांच्या २०१३ सालच्या अभ्यासातही विशीतल्या मुलांना आईवडिलांच्या तरुणपणची गाणी जवळची वाटल्याचे दिसले होते.

दादरकर :
तो अभ्यास माझ्याच बाजूने बोलतो. तुमच्या आईंनी ती गाणी जपली, कारण ती त्यांच्या उमलत्या वयातली होती. तुम्हाला मिळाला तो त्यांचा वारसा. आणि केवळ वारंवारतेने काम भागत असते, तर दरवर्षी १० दिवस मंडपातल्या कर्ण्यावर आदळणाऱ्या गाण्यांनीही माझे डोळे पाणावले असते.

मुलुंडकर :
आपण दोघे दोन निराळ्या गोष्टींवर भांडत आहात. निरमाच्या जाहिरातीचे गाणे मलाही शब्दन्‌शब्द पाठ आहे, पण ते ऐकून मला कोणी आठवत नाही. पाठ होणे वारंवारतेने साधते. जीव गुंततो तो मात्र त्या वयात आपण प्रथमच घरच्यांपासून लपवून काही ऐकत असतो म्हणून.

गिरगावची :
लपवून ऐकायला दहा बाय बाराच्या खोलीत जागा कुठे होती? आम्ही सात जण एकच गाणे ऐकत असू, आणि ते आजही आम्हा सातही जणांना सारखेच लागते. त्यांत माझी आत्या तेव्हा चाळिशीची होती.