जारकर्म आणि व्यभिचार: बायबलमध्ये दोन शब्द कशाला?

मत्तय १५:१९ मध्ये 'व्यभिचार' आणि 'जारकर्मे' लागोपाठ येतात. कोशात दोहोंचा अर्थ जवळजवळ एकच. मग ही द्विरुक्ती आहे का?

— नाही. मूळ ग्रीकमध्येच दोन शब्द आहेत. 'मोइखेइया' म्हणजे लग्नाचं बंधन मोडणारा संबंध, मराठीत 'व्यभिचार'. 'पोर्नेइया' बराच ऐसपैस. बापाच्या बायकोशी संबंध (करिंथकरांस पहिलं पत्र, म्हणजे १ करिंथ, ५:१) त्यात येतो, वेश्यागमनही (१ करिंथ ६). त्याला 'जारकर्म'.

— व्युत्पत्तीने मात्र हे उलटं हवं होतं! जार म्हणजे विवाहितेचा यार, म्हणजे जारकर्मात कुणाची तरी लग्नाची बायको गृहीतच. व्यभिचार म्हणजे नुसतं ढळणं. न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, साध्याला सोडून भटकणारा हेतूसुद्धा व्यभिचारी असतो, आणि काव्यातल्या रसचर्चेत येणारे-जाणारे भाव. कोश हाताशी घेऊन वाचणारा इथे हमखास फसतो.

— आणि फसतो तो मत्तय १९:९ला. जारकर्माखेरीज अन्य कारणाने बायको टाकून दुसरी करणारा व्यभिचार करतो, असं तिथे आहे. एकाच वाक्यात दोन्ही शब्द. दोन्हीकडे 'व्यभिचार' घातलात तर वादाचा मुद्दाच पुसला जातो. बरेच प्रोटेस्टंट इथे जोडीदाराच्या बेइमानीमुळे घटस्फोटाची मुभा वाचतात. काही कॅथोलिक भाष्यकार पोर्नेइया म्हणजे जुन्या करारातल्या लेवीय १८ मधले निषिद्ध नात्यांतले विवाह धरतात. ते लग्न मुळात वैधच नव्हतं, मग मोडणार काय? मार्क १०:११ मध्ये हेच वचन येतं, पण तिथे तर अपवाद नाहीच.

— मार्क काढलाच आहे तर त्याच वचनातल्या 'तिच्याविरुद्ध व्यभिचार करतो' मधला 'तिच्याविरुद्ध' हा शब्द पाहा. जुन्या करारात, लेवीय २०:१० मध्ये, व्यभिचाराचा गुन्हा ठरतो तो स्त्री दुसऱ्याची बायको असल्यामुळे. पुरुष विवाहित आहे का, हे विचारलेलंच नाही. वाग्दान न झालेल्या कुमारिकेला फूस लावली तर निर्गम २२:१६ लागू: मोल देऊन तिच्याशी लग्न करायचं. मार्कमध्ये मात्र नवऱ्याचा व्यभिचार बायकोविरुद्धचा आहे. अर्थ तिथे खरा रुंदावतो.

— म्हणजे दोघंही अविवाहित असतील तर जारकर्म, व्यभिचार नव्हे?

— करिंथकरांना पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या वापरात, हो. १ करिंथ ७:२ मध्ये जारकर्म टाळण्यासाठीच ज्याला त्याला आपापली बायको असावी म्हटलंय. इब्री १३:४ मध्येही जारकर्मी आणि व्यभिचारी वेगळे मोजलेत.

जाता जाता: दहा आज्ञांमधल्या 'व्यभिचार करू नको' या आज्ञेला 'सातवी आज्ञा' असं लिहू नका. कॅथोलिक आणि लुथेरन मोजणीत ती सहावी. सरळ निर्गम २०:१४ लिहावं.