चेन रेस्टॉरंटमधल्या वाईट सेवेची दाद नक्की कुणाकडे मागायची?

उंबरा
चेनचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिच्यावरच घसरेल. प्रसंग असा. घरचे सगळे जेवायला गेलो होतो. टेबलावरच्या स्क्रीनवरून ऑर्डर दिली, पैसेही तिथेच भरले. आमच्या मागून आलेली मंडळी खाऊन उठली तरी आमचा पत्ता नाही. काउंटरवर विचारलं तर तिथल्या मुलाने स्क्रीनच माझ्याकडे वळवली. आमच्या नंबरपुढे हिरवी खूण. "तुमची ऑर्डर दिली गेलीये." अरे बाबा, दिली कुणाला? मॅनेजर म्हणे मीटिंगमध्ये.

शेवटी आलं ते कोमट. त्यात भाच्याला शेंगदाण्याची ॲलर्जी, तसं ऑर्डरमध्ये लिहिलेलं, तरी त्याच्या प्लेटवर वरून दाणे पेरलेले. परत पाठवली, तर थोड्या वेळाने तीच प्लेट दाणे वेचून पुन्हा समोर! आम्ही ती त्याला खाऊ दिली नाही हे सांगायला नकोच.

ॲपवर तक्रार टाकली. क्षणात उत्तर, "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे", सोबत पुढच्या जेवणावर सवलतीचं कूपन. म्हणजे जिथे धड मिळालं नाही तिथेच परत जा.

भरपाईचं फारसं नाही, पण हे एखाद्या जिवंत माणसाने वाचावं असं वाटतं. कुणाला लिहू, काय लिहू? आणि पुन्हा असं झालं तर तिथल्या तिथे काय करायचं?

तिरपा_डोळा
सोपं आहे. जायचं बंद करा. एवढ्या शाखा असलेल्यांना तुमच्या तक्रारीने काय फरक पडतो?

जुना_शिफ्टवाला
जायचं बंद केलेल्या माणसाची नोंद कुठेच होत नाही हो, तक्रारीची होते. त्यामुळे लिहा.

मी अशाच एका (वेगळ्या) चेनमध्ये शिफ्ट मॅनेजर होतो, म्हणून आधी त्या हिरव्या खुणेचं सांगतो. ऑर्डर पडली की किचनमधल्या स्क्रीनवर तिचं घड्याळ सुरू होतं. ठरलेली वेळ उलटली की तिचा रंग बदलतो, शेवटी लाल. पदार्थ तयार झाला की बटण दाबून ऑर्डर स्क्रीनवरून उडवायची, घड्याळ थांबतं. या वेळांचा हिशेब रोज वर जातो आणि शाखेची किंमत त्यावर ठरते. मग गर्दीत काय होतं? पदार्थ अजून शेगडीवर असतानाच कुणीतरी बटण दाबतं. कागदावर वेळ झकास. पण ऑर्डर स्क्रीनवरून गेली म्हणजे किचनच्या लेखी ती संपली. नंतर तिची आठवण कुणाला राहिली तर राहिली. तुमच्या मागून आलेल्यांच्या ऑर्डरी स्क्रीनवर दिसत होत्या, त्या बनल्या. तुमची बहुधा अशीच हरवली.

त्यात डिलिव्हरी ॲपच्या ऑर्डरीही त्याच किचनवर येऊन पडतात. बाहेर टेबलं रिकामी दिसतात आणि आत श्वास घ्यायला फुरसत नसते. शिफ्टला माणसं किती हे विक्रीच्या अंदाजावरून आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवणारा काउंटरवरचा मुलगा नक्कीच नसतो. म्हणून एक विनंती, तक्रारीत त्याचं नाव घालू नका. तारीख, वेळ, बिल नंबर, टेबल नंबर एवढं पुरतं. नाव दिलंत की त्या पोराच्या शिफ्टी कापतात आणि फाइल बंद करतात. सगळ्यांची सोय होते, तुमची सोडून.

आता तिथल्या तिथे काय करायचं. "मॅनेजरला बोलवा" म्हटलं की मॅनेजर नाहीत हे उत्तर तयार असतं. त्यापेक्षा "आत्ता शिफ्ट कुणाकडे आहे?" असं विचारा. कुणाकडे तरी असतेच, आणि बिल रद्द करायचा किंवा पैसे परत करायचा अधिकार बहुतेक वेळा त्याच माणसाकडे असतो. त्याला काय हवंय ते एका वाक्यात सांगा: हे नवीन बनवून द्या, किंवा याचे पैसे परत करा. "ही काय पद्धत झाली?" म्हटलं की समोरून सॉरी येतं. सॉरी म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि हे निम्मं खाऊन झाल्यावर नको, पहिल्या घासालाच.

मीठमोजकं
दाण्यांचं प्रकरण उशीर आणि कोमट जेवणात मिसळू नका. वेगळी तक्रार करा, विषयातच "ॲलर्जी" लिहा. वरचे दाणे वेचले तरी अंश पदार्थाला लागलेला राहतो, आणि तीव्र ॲलर्जी असेल तर तेवढाही पुरतो. अशी प्लेट टाकून द्यायची आणि स्वच्छ भांड्यात, हात धुऊन नवीन बनवायची, दुसरा मार्ग नाही. युरोपीय संघात 2014 च्या डिसेंबरपासून रेस्टॉरंटांनाही 14 ॲलर्जनांची (ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची) माहिती देणं बंधनकारक आहे, त्यात शेंगदाणा आहे. तुमच्याकडे अन्नसुरक्षेचं जे खातं असेल त्याला एक प्रत पाठवा.

कोमटचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवावं. "गार होतं" असं लिहिलं तर ती आवडीनिवडीची गोष्ट ठरते. "तयार झाल्यावर बराच वेळ तसंच पडून होतं असं वाटतं" असं लिहिलंत तर कुणीतरी सरळ होऊन बसेल.

रिकामटेकडी
शाखा कुणाची आहे ते आधी बघा. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात कंपनीचं नाव असतं. ते ब्रँडपेक्षा निराळं असेल तर बहुधा फ्रँचायझी, म्हणजे ब्रँडचं नाव वापरून दुसराच मालक चालवतोय. मॅकडॉनल्ड्सची साधारण 95 टक्के रेस्टॉरंटं फ्रँचायझीवाले चालवतात, उलट चिपोटले या अमेरिकन चेनची जवळजवळ सगळी कंपनीचीच. (दोन्ही नावं फक्त उदाहरणादाखल, उंबरा यांच्या प्रसंगाशी संबंध नाही.) फ्रँचायझी असेल तर मालकाला आणि मुख्यालयाला एकाच मेलमध्ये लिहा, दोघांनाही दिसू दे की दुसऱ्याला कळलंय. नाहीतर "ते आमच्या अखत्यारीत नाही" हा खेळ सुरू होतो.

बिलावरच्या सर्वेक्षणाबद्दलही सांगते. "0 ते 10 मध्ये आम्हाला किती सुचवाल?" हा प्रश्न 2003 पासून फार बोकाळलाय. त्याच्या हिशेबात 9 आणि 10 म्हणजे खूश, 0 ते 6 म्हणजे नाराज, आणि 7, 8 कुठल्याच बाजूला नाहीत. भिडेखातर 7 दिलेत तर तुमची नाराजी आकड्यात उतरतच नाही. नाराज असाल तर 6 च्या वर जाऊ नका.

तिरपा_डोळा
जेवायला जाताना एवढा अभ्यास करून जायचा? पैसे आपण द्यायचे आणि त्यांचं किचन का अडलं हेही आपणच समजून घ्यायचं? सोशल मीडियावर फोटो टाका, तासाभरात धावत येतील.

जुना_शिफ्टवाला
समजून घ्या असं म्हणत नाहीये, कुठे दाबलं की दुखतं ते सांगतोय. सोशल मीडियावर उत्तर लवकर येतं हे खरं, पण ते बघ्यांसाठी असतं. तिथली टीम वेगळी असते, "कृपया मेसेज करा" म्हणून पुन्हा त्याच रांगेत उभं करते. आधी लेखी मेल, तक्रार क्रमांक घ्या. मुदत देऊन उत्तर नाही आलं तर मग जाहीर लिहा, क्रमांकासकट. आणि पैसे भरून पदार्थ मिळालाच नसेल तर कार्डवाल्या बँकेकडे व्यवहारावर हरकत घेता येते. उर्मटपणाबद्दल नाही घेता येत, दुर्दैवाने.

उंबरा
खूप उपयोग झाला सगळ्यांचा. बिलावरचं नाव खरंच निराळं निघालं. ॲलर्जीचा मेल वेगळा, बाकीचा वेगळा, दोन्ही मालक आणि मुख्यालयाला एकत्र पाठवतेय. मुलाचं नाव मला ठाऊकही नाही, ते बरंच. आता कूपनचं काय करू? वापरलं तर प्रकरण मिटलं असं धरतील का?

रिकामटेकडी
अशी भरपाई नीट दिली तर ग्राहक आधीपेक्षाही खूश होतो, असा एक सिद्धांत 1992 पासून चालत आलाय. 2007 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले तेव्हा समाधान वाढलेलं दिसलं, पण परत जायची इच्छा वाढलेली दिसली नाही. कूपनवाल्यांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

जुना_शिफ्टवाला
नुसतं वापरल्याने सहसा तक्रार बंद होत नाही. पण कूपन घेताना "या तक्रारीचे निराकरण झाले" अशी खूण आधीच केलेली असते कधीकधी. ती काढता येत असेल तर काढा, नसेल तर मेलला उत्तर येईपर्यंत हात लावू नका.