संधिवात असलेल्या मुलीच्या हाती तिचे उपचार कधी आणि कसे सोपवावेत?

प्रश्न

माझ्या मुलीला नवव्या वर्षी बालवयातील संधिवाताचे, म्हणजे डॉक्टर ज्याला जेआयए म्हणतात त्याचे, निदान झाले. आता ती १४ वर्षांची आहे. दर शनिवारी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, रविवारी फॉलिक अ‍ॅसिड, ठरलेल्या वेळी रक्ताची आणि डोळ्यांची तपासणी हे सारे आजवर मीच सांभाळत आले. गेल्या महिन्यात तिचा गुडघा पुन्हा सुजला आणि नंतर दप्तराच्या आतल्या कप्प्यात, वहीच्या कागदात गुंडाळलेल्या तीन शनिवारांच्या गोळ्या मला सापडल्या. विचारले, तेव्हा "त्या तुझ्या गोळ्या आहेत," एवढेच ती म्हणाली. डॉक्टर तिला प्रश्न विचारतात आणि उत्तर मी देते, हे मलाही कळते. पण तिच्या हातून चूक झाली तर ती तिच्या सांध्यांना भोवेल, या भीतीने माझा हात मागे येतो. ज्यांनी हे निभावले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

मला हा आजार बाराव्या वर्षापासून आहे आणि मीही गोळ्या लपवल्या आहेत, त्यामुळे आधी तिच्या बाजूने सांगते. त्या गोळ्यांचा पिवळा रंग दिसला तरी मला उमळून येत असे आणि शनिवारची मळमळ शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होई. घरात कोणी "का घेतल्या नाहीस?" असे रागावून विचारले की मी "विसरले" म्हणायची, कारण विसरण्याला ओरडा कमी बसतो. शेवटी डॉक्टरांना खरे सांगितले, तेव्हा त्यांनी गोळ्यांऐवजी त्वचेखाली घ्यायचे इंजेक्शन दिले आणि ते रात्री झोपण्यापूर्वी घ्यायला सांगितले. मळमळ पूर्ण गेली नाही, पण सोसण्याजोगी झाली. तुमच्या मुलीचे कारण वेगळेही असू शकेल. ते तिच्याकडूनच ऐकावे. मात्र चुकलेल्या मात्रांची गोष्ट डॉक्टरांपर्यंत जायलाच हवी, नाहीतर औषध लागू पडत नाही असे समजून ते उपचार वाढवतील. राहिलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी एकदम किंवा रोज घेणे धोक्याचे आहे. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, हे तिला कारणासह समजावून सांगा.

उत्तर २

माझा मुलगा आता १७ वर्षांचा आहे. तो १५ वर्षांचा झाला त्या दिवशी मी सगळी जबाबदारी एकदम त्याच्यावर टाकली आणि तिथेच चुकलो. २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे इंजेक्शन दोन दिवस टेबलावर पडून राहिले आणि डोळ्यांची तपासणी "डोळा दुखत नाही" म्हणून राहून गेली. या आजारात डोळ्याच्या आतला दाह कित्येकदा लाली किंवा वेदना न होताच वाढत जातो आणि दृष्टीला इजा करतो, म्हणून ती तारीख आजही माझ्याही वहीत असते. त्यानंतर आम्ही एकेक काम सोपवत गेलो. आधी औषधांची नावे आणि ती कशासाठी आहेत हे पाठ, मग रक्ततपासणीची वेळ स्वतः ठरवणे, मग डॉक्टरांशी पहिली दहा मिनिटे एकट्याने बोलणे. ती दहा मिनिटे बाहेरच्या बाकावर बसणे मला त्याच्यापेक्षा जड गेले, हे कबूल करतो.

उत्तर ३

मी फिजिओथेरपिस्ट आहे. औषधांइतकेच तिला स्वतःचे शरीर वाचता येणे महत्त्वाचे आहे. खेळून आल्यावर मांडी दुखणे आणि सकाळी उठल्यावर गुडघा बराच वेळ आखडलेला, सुजलेला, हाताला गरम लागणे, यांतला फरक तिला ओळखता आला पाहिजे. पहिल्यात घाबरण्यासारखे काही नसते, दुसऱ्यात डॉक्टरांना कळवावे लागते. सांधे दुखतात म्हणून मुलांना बसवून ठेवण्याची जुनी समजूत मला अजूनही घरोघरी आढळते, आणि त्यामुळे स्नायू दुबळे होण्यापलीकडे काही साधत नाही. पोहणे व सायकल बहुतेकांना मानवते. सकाळी कोमट पाण्याची अंघोळ, जाड पकडीचे पेन, वर्गात मधूनमधून उभे राहण्याची मुभा, या गोष्टी शाळेकडे तिने स्वतः मागाव्यात आणि तुम्ही सोबत असावे. वरच्या उत्तरातल्या कामांच्या क्रमाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. नावे पाठ करण्याआधी दुखणे शब्दांत सांगता यायला हवे.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. मळमळच होती, आणि ती गेले वर्षभर होती, हे मला काल रात्री कळले. गोळ्या राहिल्याचे डॉक्टरांना फोनवर तिनेच सांगितले; मी शेजारी होते, पण बोलले नाही. पुढच्या भेटीसाठी तिने काही प्रश्न लिहून ठेवले आहेत. ते तिने मला दाखवलेले नाहीत.