मदत हवी आहे: गावच्या बँकेतलं जुनं खातं बंद करू का? (अ‍ॅपवालं खातं आहेच)

वाशिष्ठी_काठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गणपतीला चिपळूणला जातोय. चतुर्थीला बँक बंद, पण दुसऱ्या दिवशी उघडी असेल. तेव्हा एक काम उरकायचं आहे, त्याआधी इथे विचारून घेतो.

तिथल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत माझं बचत खातं आहे. २००४ साली अकरावीत असताना शिष्यवृत्तीसाठी बाबांनी काढून दिलं होतं. पुढे नोकरीसाठी पुण्यात आलो आणि तीन वर्षांपूर्वी एका मित्राच्या नादाने अ‍ॅपवालं खातं काढलं. व्हिडिओ कॉलवर पॅन दाखवलं, कोऱ्या कागदावर सही करून कॅमेऱ्यासमोर धरली, काम झालं. आता पगार, भाडं, एसआयपी, दूधवाला सगळं तिथूनच चालतं. जुन्या खात्यात ३,८७० रुपये पडून आहेत, आणि अधूनमधून 'केवायसी करा' असा मेसेज येतो, बस.

बायको म्हणते, बंद कर, कशाला लोढणं. बाबा म्हणतात, राहू दे, ते काय खायला मागतंय? मला दोन्ही पटतं, म्हणजे अडचणच. आईचं खातंही त्याच शाखेत आहे. तेही अ‍ॅपवर आणून टाकू का, असं डोक्यात होतं.

ज्यांनी दोन्ही ठेवलीत त्यांनी सांगा, जुन्या खात्याचा खरोखर कधी उपयोग झाला का? भावनिक कारणं नकोत, ती बाबांकडे भरपूर आहेत.

निवांत_गडी

बंद करा. मी तीन बंद केली, सुखी झालो. विवरणपत्र भरताना प्रत्येक चालू खात्याचा नंबर टाका, प्रत्येकाची केवायसी, प्रत्येकाचा पासवर्ड. शाखेत गेलात की लंच टाइम. पासबुक छापायचं मशीन तर मी चालू पाहिलेलंच नाही.

शेव_पापडी

निवांतराव, तुमचं दुकान नाही म्हणून तुम्ही निवांत.

माझं फरसाणाचं दुकान आहे. मागच्या दिवाळीत एका अनोळखी गिऱ्हाइकाने चिवडा, शेव, अनारसे घेतले, क्यूआरवर २,३४० रुपये टाकले आणि गेला. तीन आठवड्यांनी सकाळी तेलवाल्याला पैसे पाठवायला गेलो तर व्यवहार होईना. अ‍ॅपमध्ये विचारलं तर चॅटवर उत्तर, 'तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो.' दोन दिवस तेच वाक्य. शेवटी कळलं, त्या माणसाने जे पैसे मला दिले ते कुणाला तरी फसवून उकळलेले होते. त्या बिचाऱ्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैशांचा माग काढत काढत दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांनी माझ्यापर्यंत आणला, आणि बँकेने खातं गोठवलं. २,३४० नव्हे, अख्खं खातं. त्यात दिवाळीचा गल्ला.

सुटायला पाच आठवडे लागले. बिलाची प्रत, दुकानाचा परवाना, त्या दिवसाचं कॅमेऱ्यातलं चित्रण, सगळं ईमेल करत बसलो. तेवढे दिवस दुकान चाललं ते वडिलांच्या वेळच्या खात्यावर आणि त्याच्या चेकबुकवर. तेलवाला आणि बेसनवाला दोघंही चेक घ्यायला तयार झाले, कारण त्या बँकेचे चेक ते वीस वर्षं बघतायत.

आता क्यूआरचे पैसे एका खात्यात येतात आणि रोज रात्री दुसऱ्यात टाकतो. पगारदार माणसाला हे लागू नाही असं समजू नका. जुना फ्रिज नाहीतर सायकल ऑनलाइन विकली तरी अनोळखी माणसाचे पैसे आलेच की खात्यात.

वाशिष्ठी_काठ

बापरे. मी मागच्याच महिन्यात कूलर विकला.

निवृत्त_रोखपाल

बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली बावीस काउंटरवर. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी एक पाहा. ज्याला तुम्ही अ‍ॅपवालं खातं म्हणता ते नेमकं कुणाचं आहे? भारतात निव्वळ अ‍ॅपवर चालणाऱ्या बँकेसाठी वेगळा परवानाच नाही. अ‍ॅप हा दर्शनी भाग, मागे कुठली तरी परवानाधारक बँक असते. ज्युपिटर आणि फाय या अ‍ॅपांमागे फेडरल बँक उभी राहिली, तशी. आपल्या खात्याचा आयएफएससी (पैसे पाठवताना लागणारा शाखेचा कोड) उघडा, पहिली चार अक्षरं बघा, मालक कळेल. ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर मिळणारी भरपाई, त्या बँकेवर मोजतात, अ‍ॅपवर नाही. एका बँकेत एका माणसाचे सगळ्या शाखांतले मिळून ५ लाख, व्याजासकट. ४ फेब्रुवारी २०२० आधी हा आकडा १ लाख होता. म्हणजे अ‍ॅपमागची बँक आणि गावची बँक एकच निघाली, तर दोन खाती असूनही विमा एकच.

दुसरं. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. मुदत आधी २९ फेब्रुवारी होती, ती पुढे १५ मार्च केली. असलेले पैसे काढता येत होते, पण त्यानंतर पगार किंवा नवी भर तिथे जमा होणार नव्हती. ज्यांचं दुसरं खातं जिवंत होतं त्यांनी कार्यालयात नवा नंबर दिला आणि विषय संपला. ज्यांचं नव्हतं ते त्या दिवसांत आमच्या शाखेबाहेर उभे होते. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, तरी पोरं फोन करून विचारत होती.

पण म्हणून 'जुनी ती भक्कम' असंही नाही हो. पुण्याची रुपी बँक शंभर वर्षं जुनी होती. २०१३ पासून निर्बंध, २०२२ ला परवाना रद्द. पीएमसी बँकेत सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्या दिवशी लोकांना हजार रुपये काढायची मुभा होती, हजार! आणि मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या व्यवहारांवर स्थगिती आली तेव्हा फोनपे बंद पडलं, कारण त्यांचं यूपीआय येस बँकेच्या खांद्यावर होतं. ज्यांचं येस बँकेत खातंच नव्हतं त्यांचाही फोनपे थंड. तेव्हा जुनं की नवं हा मुद्दा नाही. एक बंद पडलं की दुसरंही त्याच कारणाने पडतंय का, एवढं बघायचं.

तुमच्या खात्याबद्दल. शेवटचा व्यवहार तुम्ही स्वतः कधी केलात? बँकेने टाकलेलं व्याज त्यात धरत नाहीत. दोन वर्षं उलटली असतील तर खातं निष्क्रिय झालं असणार. घाबरू नका. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानुसार ते पुन्हा चालू करायला शुल्क नाही, आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. दहा वर्षं तसंच पडलं तर मात्र रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तीही मागता येते, पण कशाला ते हेलपाटे.

चालू ठेवणार असाल तर वारसनोंद तपासा. २००४ ला अकरावीत होतात म्हणजे नोंद आईच्या नाहीतर बाबांच्या नावे असेल, किंवा नसेलच.

सातारची_सून

रोखपाल काका, छान लिहिलंत. 'दुसरंही त्याच कारणाने पडतंय का' या मुद्द्याला माझा अनुभव जोडते.

स्वारगेटला रिक्षात फोन राहिला. त्याच संध्याकाळी नवीन सिम घेतलं, नवीन हँडसेट घेतला (नवऱ्याच्या कार्डावर, ते अजून ऐकतेय). आणि मग कळलं की सिम बदललं की चोवीस तास एसएमएस बंद असतात. फसवणूक टाळायला केलंय, बरोबरच आहे. पण ओटीपी नाही म्हणजे अ‍ॅप नाही, अ‍ॅप नाही म्हणजे यूपीआय नाही. एसएमएस सुरू झाल्यावर यूपीआय लावलं तर नव्या फोनवर पहिल्या दिवशी पाच हजारांचीच मर्यादा.

माझ्याकडे जुनं खातं होतं, पण तेही त्याच मोबाइल नंबरला जोडलेलं, त्यामुळे त्याचं अ‍ॅपही मुकं. वाचवलं कुणी, तर त्या खात्याच्या एटीएम कार्डाने. चार आकडे लक्षात होते, बस. त्या बँकेत दहा हजारांपासून पुढे ओटीपी लागतो म्हणून साडेनऊ हजार काढले.

तर वाशिष्ठी, खातं ठेवणार असशील तर कार्ड चालू आहे का बघ, मुदत संपलेली असते. आणि ते पाकिटात ठेव, गावी आईच्या कपाटात नको. मोबाइलच्या मागच्या कव्हरमध्ये तर मुळीच नको. माझं एक कार्ड रिक्षातच गेलं ना.

निवांत_गडी

हे मात्र पटलं. माझं कार्ड कव्हरमध्येच आहे. काढतो.

बोरीबाभळी

आईच्या खात्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. त्याला हात लावू नकोस!

सरकारी योजनांचे पैसे आधारवर येतात. एका आधारमागे एकच बँक नोंदलेली असते, आणि जी सर्वांत शेवटी जोडली तिकडे पैसे जातात. माझ्या भावाने सासूबाईंचं नवं डिजिटल खातं काढलं, काढताना एक खूण केली, आणि त्या बोटासरशी आधारची जोडणी तिकडे गेली. लाडक्या बहिणीचे दीड हजार दोन महिने 'आलेच नाहीत'. आले होते, त्या नव्या खात्यात, ज्याचं अ‍ॅप भावाच्या फोनमध्ये आणि भाऊ बंगळुरूत. सासूबाई दर आठवड्याला पासबुक घेऊन शाखेत. शेवटी शाखेत अर्ज देऊन जोडणी परत आणली.

त्यांच्यासाठी पासबुक हेच अ‍ॅप आहे. चष्मा लावून त्या ओळीवर बोट ठेवतात, मग त्यांना पैसे आल्यासारखं वाटतं.

टेम्सकाठी

एकच वाक्य. उद्या परदेशी नोकरी लागली तर साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करावं लागतं, आणि माझं अ‍ॅपवालं खातं तसं करून देईना, शाखेतलं झालं.

पेठमापकर

मी चिपळूणचाच. २२ जुलै २०२१ चा पूर विसरलास काय रे? लाइट नाही, रेंज नाही. अ‍ॅपचं सोड, बाजारपेठेत तळमजल्यावरचं सगळंच पाण्यात होतं, तिथे बँक काय आणि एटीएम काय. त्या आठवड्यात चाललं ते काकूच्या वरच्या मजल्यावरच्या डब्यातले चार हजार. तेव्हा दोन खाती ठेव, तीन ठेव, पण घरात थोडी रोकड ठेव. हे कुणी लिहीत नाही कारण त्याला जॉइनिंग बोनस नसतो.

अवांतर: यंदा विसर्जनाला थांबणार की पाच दिवसांत पळणार?

वाशिष्ठी_काठ

सगळ्यांचे आभार. शाखेत जाऊन आलो, लिहितो.

आयएफएससी पाहिला. मागची बँक वेगळी आहे, सुटलो. जुनं खातं निष्क्रियच झालेलं. आधार-पॅनच्या प्रती दिल्या, फॉर्म भरला, खात्यात हजार रुपये भरले. एक पैसा लागला नाही, रोखपाल काका. वारस म्हणून आजीचं नाव होतं. आजी २०११ ला गेली. बायकोचं घातलं. आईच्या खात्याला हात लावलेला नाही.

अडलं ते सहीवर. बाईंनी संगणकावर माझी २००४ ची सही उघडली. पूर्ण नाव, देवनागरीत, प्रत्येक अक्षर सुटं, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. आता माझी सही म्हणजे इंग्रजी एक अक्षर आणि पुढे गांडूळ. म्हणाल्या, "आधी जुनी करून दाखवा, मग नवीन घेते." तीन कागद वाया गेले. मागे रांगेत बाबा उभे, ते म्हणाले, टिंबं रेघेच्या वर नाही, खाली. चौथी जमली.

आता एक शेवटचं विचारतो. चेकबुक पोस्टाने येणार आहे, पत्ता गावचाच दिलाय. पुण्यातल्या घरमालकाला पुढच्या तारखेचे चेक द्यायचेत, ते कुठल्या सहीने करू? नवीन सही नोंदवली आहे, पण ती यंत्रणेत चढायला किती दिवस लागतील ते बाईंनी सांगितलं नाही, आणि मागे रांग होती म्हणून मीही विचारलं नाही.

निवृत्त_रोखपाल

चेकबुक हातात आलं की शाखेत फोन करून नवी सही दिसते का विचारा, मगच पहिला चेक फाडा. आणि घरमालकाला देण्याआधी एक चेक स्वतःच्या नावे, अ‍ॅपवाल्या खात्यात भरून बघा.